हळदीच्या जात्यावर आलेली बाई

रझाकारी संपल्यावर दुसऱ्या वर्षी, बदनापूरजवळच्या आमच्या गावात चुलतदिराचं दुसरं लग्न निघालं. पहिली बायको सहा महिन्यांपूर्वी आडात सापडली होती. पाय घसरला, एवढंच सांगायचं घरानं ठरवलं होतं.

हळद दळायला बायका जमल्या, तशी एक अनोळखी बाई न बोलावताच आली. वाळकं अंग, रुंद मनगटं. पदर खोचून तिनं जात्याचा खुंटा धरला. कुणाची तरी पाहुणी असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग तिनं ओवी उचलली:

हळद दळू बाई, दुसरीच्या लग्नाला
पहिलीचे वळ ठावे, आडाच्या पाण्याला

चुलतसासू पांढरी पडली. पण लग्नाच्या हळदीचं जातं मध्येच थांबवणं आमच्यात अशुभ. सून आडात गेलेली चालते, जातं थांबलेलं चालत नाही. हळद संपेपर्यंत ती गात राहिली. काठी, उपास, डागण्या, सगळं ओव्यांत आलं. मांडवात बसलेला नवरीचा मामा पागोटं उचलून चालता झाला.

ती निघाली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिच्या माहेरच्या का?"

"न्हाई. मी तिला कधी बघितलंबी न्हाई," पिवळे हात झटकत ती म्हणाली. "असं लगीन कानावर आलं की मी जाते. मला चार गावं पलीकडं समजलं. तुमचं घर कोणतं?"

मी शेजारचं दार दाखवलं. तिनं दोन घरांमधल्या भिंतीकडं बघितलं.

भिंतीपलीकडून काठीचा आवाज यायचा, तेव्हा मी माझं जातं जोरात फिरवायचे.