अप्पांनी ऐकलेलं गाणं

स्टुडिओत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की ट्रॅकवाली. सिनेमातलं गाणं गाते मोठी गायिका, पण मोठ्या गायिकेला वेळ कुठे असतो? तोवर नटीला ओठ हलवायला आणि वादकांना वाजवायला कुणाचा तरी आवाज लागतो. तो हिचा. पुढे मोठ्या बाई येतात, गाऊन जातात आणि हिचा आवाज पुसला जातो. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून दुसऱ्यासाठी जागा धरावी, तसलं हे काम. मला काही वाटत नाही, असं ती सांगायची. इतक्यांदा सांगायची की ऐकणाऱ्याला शंका यावी.

गाणं ती शिकली वडिलांकडे. अप्पा शाळेत गाण्याचे मास्तर. दुसऱ्यांच्या पोरांना तोंड भरून शाबासकी द्यायचे, घरच्या पोरीला मात्र नुसतं 'हं'. फारच खूश असले तर 'हं, पुढे'. त्या एका 'हं'वर तिने उभी हयात काढली. आई गेली, लग्न राहून गेलं, घरात हे दोघंच उरले, तरी 'हं'चं काही 'छान' झालं नाही. आणि आता अप्पांचे कान चालले होते. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "काय ऐकवायचंय ते लवकर ऐकवा. मशीन तरी किती दिवस पुरणार?"

तशातच तो तेलुगू सिनेमा आला. गोष्ट सरळ होती. लग्नाच्या वरातीत गाणारा एक उनाड मुलगा शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलीवर भाळतो आणि तिच्या जवळ बसता यावं म्हणून तिच्याच गुरूंचा शिष्य होतो. गाण्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पण हळूहळू गाणंच त्याला धरतं, आणि मुलगी बिचारी रुसून बसते. त्या रुसव्याचं गाणं हिच्या वाट्याला आलं. तेलुगूचं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून सहायकाने अर्थ सांगितला, "ती त्याला येऊ नकोस म्हणते, पण दार लावून घेत नाही."

हे ऐकलं आणि तिला अप्पांची गाण्यातली एक जागा आठवली. वरून खाली येताना षड्जापर्यंत यायचं, आता टेकणार असं वाटायला लावायचं आणि न टेकताच मागे फिरायचं. अप्पांनी स्वतः बसवलेली. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती नव्हती. तिने ती तिथे घातली. काचेपलीकडे संगीतकार उठून उभे राहिले.

"ताई, हे कुठून आणलंत? मी सांगतो, हा आवाज पुसायचा नाही. हाच राहणार."

तिने घरी येऊन ते सांगितलं. इथेच चुकलं. पण इतकी वर्षं न मिळालेली गोष्ट दारात उभी असताना तोंड मिटून बसायला माणूस दगडाचाच हवा. अप्पा 'हं' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर सांगून आले.

मग निर्मात्यांनी नकाराची मान हलवली. नाव असलेला आवाज हवा, म्हणाले. संगीतकारांनी तिला बोलावलं ते मोठ्या बाईंना ती जागा शिकवायला. बाई स्वभावाने गोड. "मला येत नाहीये हो, पुन्हा दाखवता?" बाई षड्जावर टेकत होत्या. चुकीचंच राहू द्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण अप्पांची जागा कुणी वाकडी घेतेय हे तिला सोसेना. तिने बाईंच्या गळ्यात ती उतरवून दिली. आणि बाई गायल्या, तिच्याहून चांगल्या. वाईट गायल्या असत्या तर निदान रागावता तरी आलं असतं.

अप्पांना सांगायचं तिने खूपदा ठरवलं. पण ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नव्हती, आणि हळू सांगितलेलं अप्पांना ऐकू जात नव्हतं. एकदा धीर करून ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "अप्पा, आवाज बदललाय."

"बदलणारच," अप्पा म्हणाले. "वय होतंय तुझं."

सिनेमा लागला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा तिच्या आधी तयार. थिएटरात तिने त्यांना मोठ्या स्पीकरजवळ बसवलं. निदान सूर तरी नीट ऐकू देत. नावं तेलुगूत आली, ती दोघांनाही वाचता येईनात. गाणं सुरू झालं तसा अप्पांचा हात गुडघ्यावर ताल देऊ लागला. ती जागा आली आणि हात हवेतच राहिला. अप्पा रडत होते.

बाहेर पडताना ते बोलले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं.

"आज गायलीस तू! इतकी वर्षं मी ओरडत होतो, आवाज मोकळा सोड, मोकळा सोड. आज सोडलास. छान! फार छान गायलीस, बाळा."

एक बाई थबकल्या. "ते गाणं तुम्ही गायलंय?"

"माझी मुलगी," अप्पा म्हणाले.

ती हसली. दुसरं करणार काय? तिचं 'छान' आलं होतं आणि दुसरीच्या पदरात पडलं होतं. परत मागायची सोय नव्हती, कारण देणाऱ्याला पत्ताच नव्हता.

घरी चपला काढायच्या आत अप्पा म्हणाले, "एकदा म्हण. इथे, माझ्यासमोर."

ती बसली. सगळं पणाला लावून गायली, आयुष्यात गायली नव्हती तशी. त्या जागेला अप्पांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मशीनचं चाक फिरवलं, मशीन काढून फुंकलं, पुन्हा घातलं.

"हे मशीन बिघडलं," ते चुकचुकले. "तुझा आवाज असा नाही. मी आत्ताच ऐकून आलोय ना!"

"अप्पा..."

"राहू दे गं. ऐकायचं होतं ते मी ऐकलं." त्यांनी मशीन काढून बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. "तू गा. मला आठवतंय."

तिने पुढची ओळ घेतली, अर्ध्यात सोडून दिली आणि गप्प बसून राहिली. अप्पा ताल देत होते. त्या जागेला त्यांचा हात थांबला आणि ते म्हणाले, "छान."