खिरीतला बेदाणा

सुमनआक्का गेल्याची बातमी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली, कुणाच्या तरी नव्या मोटारीच्या फोटोखाली. मग हात जोडणाऱ्यांची रांग लागली. सगळ्यात पुढं माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाई : 'लय मायाळू होती.' मला किळस आली. रांगेत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

आक्का माझी चुलत बहीण. मेढ्याकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्तीनंतर कराडला आली आणि पिशवीत रबरी बाहुली घालून बारशा-डोहाळजेवणांना हिंडू लागली. तान्ह्या बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, श्वासच थांबला तर दोन बोटांनी छाती कशी दाबायची, हे ती दाखवायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. पुरुष पान खायला बाहेर जायचे, आणि पानं आणून द्यायचं काम माझ्याकडं असायचं.

आठेक वर्षांपूर्वी कराडला माझ्या भाचीचं उष्टावण होतं. पहिला घास मामाचा. मी सांगलीहून बेदाणे नेले होते, आमच्याकडचा बेदाणा म्हणजे काय ते दाखवायला. भरवताना खिरीतला चांगला टपोरा निवडला… पोरगी रडली नाही, खोकली नाही. नुसतं तोंड उघडलं आणि ओठ निळे पडायला लागले. बायका टाळूवर फुंकर घालून 'वर बघ, वर बघ' करू लागल्या. मी शहाण्यानं तोंडात बोट घातलं आणि बेदाणा आणखी आत ढकलला.

आक्कानं माझा हात झटकला. पोरीला हातावर पालथी घेतली, डोकं खाली, हनुवटी बोटांत धरलेली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं थाडथाड मारलं. चौथ्या फटक्याला बेदाणा माझ्या नव्या धोतरावर पडला. पोरगी रडली.

यावर सासूबाई म्हणाल्या, "सा म्हैन्याच्या लेकराला मारतीस व्हय गं?" मग त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. नजर आक्काचीच, असं ठरलं. मी काय केलं? खीर वाढून घेतली.

आक्का मला निघताना एवढंच म्हणाली, "गजा, बोट घातलंस ते घातलंस. आता शिकून तरी घे." दिवाळीनंतर येतो म्हणालो. तिनं दर दिवाळीनंतर फोन केला, आणि मला दर वर्षी काहीतरी काम निघालं. शेवटी एकदाच, तेही लग्नाच्या मांडवात, तिनं मला बाहुलीवर दोन फटके मारायला लावले. "आरं, माशी हाकलतोस का? लेकरू रडंपतुर थांबायचं न्हाई."

तेराव्याला माझ्या पानात खीर वाढायला तीच भाची आली. "मामा, अजून?" खिरीत बेदाणे होते. शेजारी सासूबाई आक्काच्या मायेबद्दल सांगत होत्या. मी पान तसंच सोडून उठलो. हात धुवायला मागं गेलो, तर भंगाराच्या पोत्यातून बाहुलीचे पाय वर आलेले.

ती मी सांगलीला आणली. पुढच्या महिन्यात माझ्या नातवाचं उष्टावण आहे. बाहुलीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, आक्काच्या तळव्यानं रंग उडालाय. रोज सकाळी मी बरोबर तिथं मारतो. बायको विचारते, झालं का… काय सांगू? बाहुली रडत नाही.