तुपाच्या बाजारातलं माझं नाक

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. चिखलीच्या बाजारात मी बारा वर्षं तुपाची पारख केली. त्यातली शेवटची सात वर्षं मला कशाचाच वास येत नव्हता.

खेड्यावरून बाया तुपाची लोटी घेऊन यायच्या. मी बोटभर तूप मनगटावर चोळून हुंगायचो आणि चांगलं की खवट ते सांगायचो. मी खवट म्हटलं, की बाकीचे दुकानदार त्या लोटीकडे बघतही नसत. वडिलांचं नाक नावाजलेलं. माझंही तसंच असणार, हे लोकांनी आपलं आपणच गृहीत धरलेलं.

पण पाच वर्षांनी माझं नाक बारा महिने चोंदलेलं राहू लागलं, कपाळ जड. मलकापूरच्या डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं. म्हणाले, सूज जुनी आहे, आत मांस वाढलंय, वास परत येईल असं काही सांगता येत नाही. मी थेंबांची बाटली घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

घरी दूध करपलं की बायको ओरडायची, "अवं, वास नाही येत काय तुमाले?"

"येऊन राह्यला ना. मले वाटलं, तुले माहीत असंल."

दुकानात मी हुंगताना बाईच्या तोंडाकडे बघायचो. तिनं नजरेला नजर दिली तर तूप चांगलं, खाली पाहिलं तर खवट. बहुतेक वेळा हे जमायचं, तेच वाईट झालं.

एका बाजारच्या दिवशी एक म्हातारी आली. मी हुंगलं. तिची मान खाली.

"मावशी, वास येते."

"काऊन बापा? काल सांजीच तं कढवलं."

"येते म्हंतो ना."

शेजारचा दुकानदार हसला. "मावशी, याच्या बापाले तं लोटी न उघडताच समजे!"

ती निघाली तेव्हा तिचे पाय दिसले. अनवाणी होते आणि फरशी तापलेली. मघापासून ती पायांकडेच बघत होती.

थोड्या वेळानं बायको डबा घेऊन आली. माझं मनगट, अजून म्हातारीच्या तुपाचं, आपल्या नाकाशी नेऊन म्हणाली, "किती खमंग तूप हाय हो! घेतलं ना?"

"संपलं," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो. म्हातारी तेव्हा एसटीच्या थांब्यावरच असणार.

ती परत बाजारात आली नाही. पुढे कळलं, तिच्या गावच्या बाया तिची लोटी आपल्यासोबत आणायलाही तयार नव्हत्या.

म्हातारी अजून आहे. तिच्या गावात जाऊन, त्या बायांसमोर मला एवढं सांगायचं आहे: हिचं तूप चांगलं होतं, मला वास येत नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.