तव्यावरची तुरटी

माझ्या सासूबाईंच्या, चांगुणाबाईंच्या, कमरेच्या पिशवीत सुपारी कमी आणि तुरटी जास्त असते. निफाडहून आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आल्या त्याच दिवशी त्यांनी फिल्टरकडे बघून नाक मुरडलं आणि हंड्याच्या पाण्यात तुरटी फिरवली. प्रफुल्लला, म्हणजे त्यांच्या लेकाला, दाढी करताना कापलं की तुरटी. हिरडी दुखली की तुरटीच्या गुळण्या. मोरावळ्याचे आवळेही आधी तुरटीच्या पाण्यात. इथवर माझी तक्रार नाही. मोरावळा फर्मास होतो.

तक्रार आहे ती दृष्टीची. माझी चैताली किरकिरली, की सासूबाई तुरटीचा खडा तिच्यावरून सात वेळा उतरवतात, ‘आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची’ असं पुटपुटतात आणि खडा तापवतात. फ्लॅटमध्ये निखारे कुठले? म्हणून माझा डोशाचा तवा. खडा वितळतो, बुडबुडतो, फुगून पांढराफेक गोळा होतो. त्या गोळ्यात दृष्ट लावणाऱ्याचं रूप दिसतं म्हणे. रूप त्यांनी बघायचं, तवा मी घासायचा.

परवाच्या मंगळवारी गोळ्याला वर एक गाठ आली.

“आंबाडा हाय. शेजारणीचा.”

शेजारच्या प्रतिभाताई शाळेत शिकवतात आणि आंबाडा घालतात, एवढाच त्यांचा गुन्हा. चैतालीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा प्रफुल्ल नांदगावला कामावर होता. मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते प्रतिभाताईंनी. आणि आता रविवारी त्याच चैतालीचा पहिला वाढदिवस.

“तिला बोलवायची नाय,” सासूबाईंनी जाहीर केलं.

“अहो आई, आंबाडा तर निम्मी कॉलनी घालते.”

“निम्मी कॉलनी पोरीचे गाल वढती का?”

प्रफुल्ल म्हणाला, “तू समजूतदार आहेस, तूच बघ.” घरात समजूतदार ठरण्यासारखी शिक्षा नाही.

चार दिवस प्रतिभाताई बेल वाजवायच्या, सासूबाई दार किलकिलं करून “पोर निजली” म्हणायच्या, आणि आतून पोर खिदळायची. शुक्रवारी जिन्यात त्यांनी मला गाठलंच. “माझं काही चुकलं का गं?” काय सांगणार? तुमचा आंबाडा आमच्या तव्यावर उगवलाय?

शनिवारी चैतालीनं पुन्हा भोकाड पसरलं. मी तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, तर वरच्या हिरडीतून दात टोचत होता.

“दात येतोय, आई.”

“दाताला बी लागती दृष्ट.” तवा गॅसवर चढला.

या वेळी गोळा रुंद फुगला आणि एका अंगाला ओघळला. माझा संयम तिथं संपला. “आई, हा तर डोक्यावरचा पदर. या घरात पदर कोण घेतं?”

आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. सासूबाईंनी चष्मा लावला. वाकून बराच वेळ बघितलं. मग मटकन खुर्चीत बसल्या.

“काल म्याच म्हन्ले, किती गुटगुटीत झाली माझी बाय. तीट लावायची इसरले.” आवाज एवढासा झाला होता. “मंगळवारी बी म्हन्ले व्हते. त्या बाईचं काय नाय.”

चप्पलसुद्धा न घालता त्या शेजारी गेल्या. मी दारातून ऐकत होते.

“परतिभा, माझीच व्हती गं. घरच्याची व्हती. उद्या सकाळीच ये, पुऱ्या लाटायच्यात.”

प्रतिभाताईंना यातलं अवाक्षर कळलं नसणार. पण “येते हं, आजी,” म्हणाल्या, आणि रविवारी आठला लाटणं घेऊन हजर झाल्या.

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! आपलीच नजर बाधते हे पटल्यापासून सासूबाई नातीकडे सरळ बघतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून तिला भरवतात. निम्मा वरणभात फरशीवर. वाढदिवसाच्या एकूण एक फोटोत चैताली त्यांच्या मांडीवर आहे आणि त्या पंख्याकडे बघतायत.

“आई, एकदा तरी बघा तिच्याकडे!” मी ओरडले.

“तू बघ. तुझी नजर कोरडी हाय,” त्या पंख्याला म्हणाल्या.

तवा अजून भिजतोय.