सिंदीत चढलेली भरती

ती घटना आजही आठवली की कोरड्या अंगणातसुद्धा माझं पाऊल अडखळतं.

मी तेव्हा वर्धेकडच्या सिंदीच्या पोलीस ठाण्यात प्रभारी होते. खबर आणली भाजीवालीनं. "मॅडम, कापसाच्या आवारात एक बुढी उभी हाये. म्हणते, पाणी चढून राह्यलं, सरका. मले तं भेव लागून राह्यलं."

गेले. सत्तरीची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून कोरड्या फरशीवर उभी. मला म्हणाली, "बाय, वायच मागे सर. भरती इली."

आणि मी सरकले हो!

ठाण्यात आणून चहा दिला. चौकशी म्हणजे दरडावणं असं लोकांना वाटतं, पण माणूस चहा फुंकताना खरं बोलतो. नाव-गाव तिला सांगता येईना. बंदर मात्र सगळं सांगितलं. आगबोट खोल पाण्यात थांबते, उतारू मचव्यातून येतात, धक्क्याला लागून मिठाची वखार. मधेच कान देऊन म्हणाली, "भोंगो झालो." आमच्या हवालदारानं मुकाट्यानं पाय खुर्चीवर घेतले.

किनाऱ्यावरच्या ठाण्यांना संदेश धाडले. सगळीकडून एकच उत्तर, असं बंदर नाही. दुसऱ्या दिवशी तिला कोर्टात उभं करायचं होतं, तिथून मनोरुग्णालय. बिननावाची तिकडे गेली की घरच्यांना सापडणं कठीण.

"खोटं बोलते बुढी," हवालदार म्हणाला.

"बंदर बंद पडलं असेल."

"विहीर आटते मॅडम, नदी आटते. समुद्र कुठी आटते का?"

आम्ही वर्धेकडची माणसं. 'असं बंदर आहे का' विचारलं होतं, 'होतं का' हे कुणाला सुचलंच नव्हतं. पुन्हा संदेश धाडला. सकाळी उत्तर आलं: होतं, खाडी गाळानं भरून बुजलं. त्याच गावची एक म्हातारी बेपत्ता होती. फोटो जुळला. कोर्टानं मुलगी येईपर्यंत तिला ठेवून घ्यायची परवानगी दिली.

मुलगी आली, आईच्या गळ्यात पडून रडली. मग म्हणाली, "आगबोट आईच्या जन्माआधीच बंद झाली मॅडम. आजी सांगायची, तेवढंच हिला ठाऊक."

"घरी गेल्यावर पाणी दिसलं नाही, तर पुन्हा निघेल हो ती."

"थय दिसणा नाय, म्हणानच भायर पडली," मुलगी आता आईच्याच बोलीत म्हणाली.

जबाब खोटा ठरवण्याआधी तो कोणत्या काळातला आहे ते विचारावं, हे मी त्या बाईकडून शिकले. पण समुद्र सोडून इतक्या लांब, आमच्या काळ्या मातीत तिला तो कसा सापडला, ते मात्र मला विचारू नका.