आत झोपले ते गेले

वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला जे काळ्या दगडाचं घर आहे, ते कुणी बांधलं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून जो तो आपल्या मनाचं ठोकून देतो. एवढं मात्र खरं, की निजामाच्या राज्यात तिथं करोडगिरीचा नाका होता. मालावर जकात घेणारे अंमलदार आत गाद्या घालून झोपत. राज्य गेलं तसे तेही गेले. मग शाळा भरली. मास्तरांनी मागच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं आणि गावात नवी इमारत होताच तेही हलले. पुढं एका व्यापाऱ्यानं सरकी भरली, पोत्यांजवळच पथारी टाकली, तोही एक दिवस गाशा गुंडाळून गेला. दाराच्या फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या आणि वर म्हणू लागले, घर झपाटलेलं आहे. स्वतः ओरबाडायचं आणि नाव भुताचं घ्यायचं!

त्या घरात सांडू मेंढपाळानं नवं दार बसवलं आणि मेंढरं घातली. स्वतःचं बिऱ्हाड अंगणात, पालात. नव्या सुनेनं, सारजाबाईनं, पहिल्याच पावसात विचारलं, "मामंजी, मेंढरं कोरडी अन् आपुन भिजायचं?"

"मेंढरू भिजलं की खोकून मरतं. तू मरतीस व्हय?"

सारजाबाई काही मेली नाही. सासरा गेला, नवरा गेला, पालाच्या जागी पत्रे आले, पण तिची बाज त्या दारालाच आडवी राहिली. डोंगरातून बिबट्या उतरला तर त्यानं आधी आपल्याला ओलांडावं, असा तिचा रोकडा विचार.

यंदा ग्रामपंचायतीनं ठराव केला. घर ओसाड आहे, ते पाडायचं आणि पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा करायची. तालुक्याचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर तिचा मुलगा विश्वजीत टेम्पो घेऊन आला. वाळूजला कंपनीत नोकरी, राहायला बजाजनगर. त्यानं मेंढरं माळावर हाकलली, लेंड्या झाडल्या, आत दिवाण मांडला, फ्रिज ठेवला आणि भिंतीवर कॅलेंडरही लावलं.

"आई, तू निस्तं आत बस. साहेबाला म्हण, आमी हितंच राहतो. नायतर घर गेलंच समज."

घर जाईल या भीतीनं ती बसली. एवढ्या वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदाच पाहुण्यासारखी बसली होती.

साहेब आले, सोबत सरपंच रामकिसन. "बाई, तुम्ही या घरात राहता?"

सारजाबाईनं फ्रिजकडं पाहिलं. घरात वीजच नव्हती. तिला स्वतःचाच असा राग आला, की ती ताडकन उठली.

"नाय साहेब. हे पोराचं सोंग हाय."

विश्वजीतनं कपाळावर हात मारला. ती बाहेर गेली आणि माळाकडं तोंड करून तिनं हाळी दिली. सगळा कळप धुरळा उडवत आला आणि थेट आत घुसला. साहेब भिंतीला चिकटले. एका मेंढीनं कॅलेंडर ओढून खायला घेतलं.

"हे राहत्यात आत. मी दारात राहते."

रामकिसनला आनंद लपवता येईना. "ऐकलंत ना साहेब? घरात माणूस राहत नाही, बाईच सांगते!"

"आत झोपणारे लई आले, रामकिसनभाऊ," सारजाबाईचा आवाज चढला. "अंमलदार झोपला, मास्तर झोपला, सरकीवाला झोपला. समदे गेले. राखण करणारा दारात झोपतो. आमी दारात झोपलो म्हणून हे घर उभं हाय. तुमी एक रात तरी काढली का हितं?"

साहेबांनी कपडे झटकले. "सरपंच, या बाई इथं दारात कधीपासून झोपतात?"

"मी चड्डीत होतो तवापासून," रामकिसन बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

"मग हे घर ओसाड कसं?"

साहेबांनी तिथंच ठरावाच्या कागदावर 'ओसाड' या शब्दावर काट मारली आणि ठराव परत पाठवतो म्हणाले. पंचायतवाले पुन्हा दुसरं काहीतरी काढून येतील, हे सारजाबाईला कळत होतं. येऊ देत. तिची बाज कुठं पळून जाणार नव्हती.

गाडी गेल्यावर विश्वजीत हळूच म्हणाला, "आई, दिवाण तरी राहू दे. पावसाळ्यात आत झोप."

तिनं बाज ओढली आणि पुन्हा दाराला आडवी लावली.

"टेम्पो भर," ती म्हणाली. "आत जागा नाय."