चुकीसकट जसंच्या तसं
हेल्दुर सारेपूचा हट्टीपणा एस्टोनियातल्या त्याच्या गावाला पाठ होता. नोकरी गावभर गरम पाणी पुरवणाऱ्या कारखान्यात, आणि उरलेला जीव फुकटच्या कामात. एक बडी कंपनी आपली संगणक-प्रणाली विकते, पण तिचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्या ओळींनी लिहिली आहे त्या, उघडा ठेवते. हेल्दुर आणि देशोदेशीचे त्याच्यासारखे हौशी तोच घेऊन ती प्रणाली नव्याने बांधतात आणि फुकट वाटतात. कंपनीचं अपडेट आलं की हेल्दुर ते बांधून चाचणीला ठेवायचा. दुसऱ्या कोणी तपासून होकार दिला की हे मुळाबरहुकूम आहे अशी हमी देणारी सही करायचा, आणि मग ते जगभरच्या सर्व्हरवरून लोकांपर्यंत पोचायचं. नियम एकच. मूळ जसं तसं, चूक असली तर चुकीसकट.

एकदा अशी चूक थेट घरात आली. थोरली बहीण लेलो गावच्या वाचनालयात कामाला होती. तिथले संगणक हेल्दुरनेच या प्रणालीवर आणलेले. नवं अपडेट बसलं आणि पुस्तकांवरची पट्टी वाचणारं यंत्र मुकं झालं.

लेलो तरातरा त्याच्या घरी आली. काळा पाव आणि खारवलेले मासे ताटात तसेच राहिले. चूक कोडच्या एका ओळीत आहे, हे हेल्दुरने शोधून काढलं होतं.

"एकच ओळ बदलायचीय ना? मग बदल की!"

"ताई, ती ओळ कंपनीची आहे."

"माझ्यापुरती बदल. कोणाला कळतंय?"

"आज तुझ्यापुरती, उद्या आणखी कोणापुरती. मग आमच्या सहीला कोण विचारेल?"

"बरं, जुनंच परत टाक."

"त्यात भोक आहे. चोर शिरेल."

"शिरू दे! तो तरी एखादं पुस्तक नेईल."

हेल्दुरने दुरुस्ती कंपनीकडे पाठवली. त्यांनी शंका काढल्या, त्याने उत्तरं दिली. तळ्यावरचा बर्फ वितळून गेला. लेलो हातानेच नोंदी करत राहिली आणि भावाशी बोलेनाशी झाली. कामावरून आला की तो आधी कंपनीचं उत्तर बघायचा, मग जेवायचा.

अखेर कंपनीने त्याची दुरुस्त ओळ घेतली. अपडेट आलं, त्याने बांधलं. तेव्हाही घाई केली नाही, दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहिली. मग सही करून बहिणीला फोन लावला.

"आलं, ताई! उद्या तुमच्याकडे आपोआप बसेल."

"हेल्दुर, मागच्याच आठवड्यात इथे दुसऱ्याच कंपनीची विकतची प्रणाली बसवली रे. सांगणार होते, पण तुझा राग आला होता."

"बरं," तो म्हणाला.

त्याला फार लागलं. अपडेट हजारो संगणकांवर जाणार होतं. पण आपलं काम वापरणारी माणसं त्याला डोळ्यांनी दिसायची, ती फक्त त्या वाचनालयात.